राउटरआडचा डेटाबेस: जोडणी कुठे तुटते, ओळख कुठे नाकारली जाते

डेटाबेस आणि तो वापरणारा संगणक यांच्यामध्ये प्रॉक्सी राउटर बसवला की एका जोडणीच्या दोन जोडण्या होतात. वापरणाऱ्याचा संगणक राउटरपर्यंत येतो आणि राउटर आपल्या बाजूने डेटाबेस सर्व्हरशी दुसरी जोडणी उघडतो. एकीकडून आलेले दुसरीकडे पोचवणे हे त्याचे काम. पडद्यावर मात्र चूक (एरर) सांगणारी एकच ओळ उमटते आणि ती या साखळीत कुठे जन्मली हे लगेच कळत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ‘नाही’ म्हणाले कोण? राउटर, डेटाबेस, की उत्तर द्यायला कोणी जागेवरच नव्हते? हे ठरले की निम्मे काम झालेले असते. ते न ठरवता पासवर्ड बदलत बसणे, सर्व्हर पुन्हा सुरू करणे, फायरवॉल बंद करून पाहणे यात तासचे तास जातात, आणि पुष्कळदा मूळ दोषावर दोन नवे दोष चढतात.

विवेचनासाठी मायएसक्यूएल हा डेटाबेस घेणे सोयीचे आहे. लहान-मोठ्या कार्यालयांत तो सर्रास आढळतो आणि त्याच्यासाठी राउटर, प्रॉक्सीएसक्यूएल, एचएप्रॉक्सी अशी मध्यस्थ साधने भरपूर वापरली जातात. एप्रिल २०१७ मध्ये इनोडीबी क्लस्टर ही रचना वापरासाठी खुली झाल्यापासून मायएसक्यूएल राउटर तिचा नेहमीचा भाग बनला. या रचनेत साधारणपणे तीन सर्व्हर एकाच माहितीच्या प्रती सांभाळतात. त्यांतला एक मुख्य असतो आणि लिहिण्याची कामे तोच करतो. बाकीच्या दोघांकडून माहिती वाचता येते. मुख्य सर्व्हर पडला तर उरलेल्यांपैकी एक त्याची जागा घेतो. सध्या मुख्य कोण, हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज राहू नये म्हणून मध्ये राउटर असतो. डेटाबेसचे स्वतःचे पोर्ट ३३०६. राउटर सहसा ६४४६ वर लिहिण्याच्या आणि ६४४७ वर फक्त वाचण्याच्या जोडण्या स्वीकारतो.

समजा, कन्हानमधल्या एका पतसंस्थेच्या शाखेत अशी व्यवस्था आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, कामठीच्या पुढे कन्हान नदी ओलांडल्यावर लागणारे हे कोळसा खाणींच्या परिसरातले गाव. संस्थेचे तीन डेटाबेस सर्व्हर नागपूरच्या मुख्य कार्यालयात आहेत, शाखेतल्या एका संगणकावर राउटर चालतो आणि काउंटरवरचे संगणक त्याच्यामार्फत व्हीपीएनवरून नागपूरला जोडले जातात. काउंटरच्या संगणकांचे पत्ते १९२.१६८.१०.२१ पासून पुढे, राउटरचा १९२.१६८.१०.५. सकाळी काउंटर उघडतो, पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगितले जाते आणि तो परत जातो. त्या तीन शब्दांआड अगदी वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

शोधाचा पहिला धागा चुकीच्या ओळीतल्या क्रमांकात असतो. मायएसक्यूएलमध्ये २००० ते २९९९ या टप्प्यातले क्रमांक वापरणाऱ्याच्या बाजूचा प्रोग्राम स्वतः देतो, तर १००० पासूनचे आणि ३००० पासूनचे क्रमांक सर्व्हरकडून येतात. १०४५ दिसला, तर नेटवर्क, फायरवॉल, व्हीपीएन यांनी वाट अडवली का ते पाहण्याचे कारणच उरत नाही. कुणीतरी जोडणी स्वीकारली, नाव विचारले आणि मग नकार दिला. २००३ दिसला, तर बोलणे सुरू होण्याआधीच काही अडले. या नियमाला राउटर एक अपवाद करतो. तो स्वतः पुढच्या सर्व्हरपर्यंत पोचू शकला नाही, तर आपल्या वतीने २००३ हाच क्रमांक पाठवतो, पण मजकुरात ‘रिमोट मायएसक्यूएल सर्व्हर’ असे म्हणतो आणि काउंटर कोणत्या पोर्टवर जोडला गेला होता तेही सांगतो. ‘रिमोट’ हा शब्द असला तर काउंटर ते राउटर हा टप्पा ठीक आहे आणि राउटर ते नागपूर हा बिघडला आहे. एवढ्या एका शब्दावर शोधाची दिशा बदलते, म्हणून तक्रार कळवताना चुकीची ओळ अक्षरशः उतरवून पाठवणे महत्त्वाचे. ‘लॉगिन होत नाही’ या निरोपावरून यातले काहीच कळत नाही.

पहिल्या टप्प्यात, म्हणजे काउंटर ते राउटर, साध्या २००३ बरोबर कंसात आणखी एक आकडा येतो. तो कार्यप्रणालीकडून आलेला असतो. लिनक्सवर १११ आणि विंडोजवर १००६१ म्हणजे त्या पत्त्यावरचा संगणक जागा आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. ११० किंवा १००६० म्हणजे ठरावीक वेळ वाट पाहूनही उत्तर आले नाही. फायरवॉल मुकाट्याने पाकिटे गिळत असेल किंवा पत्ताच चुकीचा असेल. ११३ म्हणजे तिथपर्यंत जाण्याचा मार्गच सापडला नाही. पहिल्या प्रकारात राउटर बंद आहे का, आणि चालू असल्यास तो फक्त स्वतःच्या संगणकापुरता, म्हणजे १२७.०.०.१ वर, ऐकतो आहे का ते पाहायचे. तसे असेल तर राउटरच्या संगणकावर सगळे सुरळीत चालते आणि शेजारच्या काउंटरवरून काहीच चालत नाही.

मात्र १११ किंवा १००६१ दिसले म्हणून राउटर बंदच आहे असे धरून चालू नये. नव्या आवृत्त्यांत, क्लस्टरमध्ये एकही योग्य सर्व्हर उपलब्ध नसेल तर राउटर ते पोर्ट स्वतःहून मिटतो. तीनपैकी दोन सर्व्हर अचानक गेले की उरलेल्या एकट्याकडे बहुमत राहत नाही, लिहिण्याचा अधिकार कुणाकडेच उरत नाही आणि ६४४६ वर नकार येऊ लागतो. दोष नागपूरला आणि लक्षण मात्र कन्हानच्या संगणकावर. राउटरचा लॉग उघडला की हे एका नजरेत कळते.

आणखी एक सापळा चाचणी घेणाऱ्याच्या वाटेवर असतो. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या क्लायंटला सर्व्हरचे नाव ‘लोकलहोस्ट’ असे दिले, तर तो नेटवर्क वापरतच नाही. संगणकावरच्या सॉकेट फाइलमधून थेट स्थानिक सर्व्हरशी बोलतो आणि सोबत दिलेला पोर्ट क्रमांक सोडून देतो. राउटरची परीक्षा घेतो आहोत असे वाटत असते आणि प्रत्यक्षात राउटरला वळसा घातलेला असतो. नावाऐवजी १२७.०.०.१ हा पत्ता दिला की जोडणी खरोखर त्या पोर्टवरून जाते.

दुसऱ्या टप्प्यात, राउटर ते डेटाबेस, सर्वांत जास्त त्रास नावांचा होतो. राउटरची पहिली मांडणी करताना त्याला क्लस्टरमधल्या कुठल्याही एका सर्व्हरचा पत्ता दिला जातो. तिथून तो क्लस्टरची नोंदवही वाचतो आणि पुढे त्या नोंदवहीतले पत्ते वापरतो. त्या नोंदी सर्व्हरांनी एकमेकांना दिलेल्या नावांच्या असतात. मुख्य कार्यालयात ‘डीबी१’, ‘डीबी२’ ही नावे सगळ्या यंत्रांना ठाऊक. कन्हानच्या संगणकाला ती कोणीच सांगितलेली नसतात. त्यामुळे मांडणी यशस्वी होते, आकड्यांतल्या पत्त्यावर हाताने केलेली जोडणीही लागते आणि राउटर मात्र पुढचा सर्व्हर सापडत नाही म्हणतो. शाखेच्या संगणकाला ती नावे ओळखता येतील अशी सोय, डीएनएसमध्ये किंवा होस्ट्स फाइलमध्ये, करणे हाच उपाय. नोंदवही पुसून तिथे आकडे घुसवण्याचा मोह टाळावा. त्या नावांवर सर्व्हरांचा आपापसातला संवादही चालतो.

२०१३ हा क्रमांक आणि ‘पहिले संदेश-पाकीट वाचताना जोडणी तुटली’ अशा अर्थाचा मजकूर आला, तर त्याचेही मूळ बहुधा याच टप्प्यात असते. मायएसक्यूएलच्या रीतीत जोडणी लागताच पहिल्यांदा सर्व्हर बोलतो: स्वतःची आवृत्ती आणि यादृच्छिक अक्षरांची एक माळ पाठवतो. प्रॉक्सीने काउंटरची जोडणी घेतली, पण पुढच्या सर्व्हरकडून तो पहिला संदेश आलाच नाही, तर काउंटर पलीकडून तोंड उघडण्याची वाट पाहून थकतो. म्हणून टेलनेटने पोर्ट ‘उघडे’ दिसले एवढ्यावर समाधान मानू नये. एचएप्रॉक्सीसारख्या साध्या प्रॉक्सीमागे टेलनेटच्या पडद्यावर सर्व्हरची आवृत्ती उमटली, तरच दोन्ही टप्पे जोडलेले आहेत असे म्हणता येते.

आता ओळख पटण्याचा भाग. सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. कन्हान जंक्शनवर हावडा मार्गापासून रामटेकचा फाटा निघतो. तिथला सांधा गाडीला योग्य रुळावर लावतो, डब्यातल्या प्रवाशाचे तिकीट पाहत नाही. मायएसक्यूएल राउटरचे मूळ काम तसे आहे. वापरणाऱ्याचा पासवर्ड त्याच्याकडे नसतो आणि तो तपासतही नाही. सर्व्हरने पाठवलेल्या अक्षरमाळेत पासवर्ड मिसळून क्लायंट एक सांकेतिक उत्तर तयार करतो, राउटर ते पुढे पोचवतो आणि निर्णय सर्व्हर देतो. म्हणून १०४५, म्हणजे ‘ॲक्सेस डिनाइड’, आला की चौकशी सर्व्हरच्या खाते-नोंदीत करायची.

त्या नोंदीत खाते म्हणजे नुसते नाव नसते. नाव आणि कुठून आला तो पत्ता, अशी जोडी असते. राउटर मध्ये आला की गोंधळ उडतो तो या दुसऱ्या अर्ध्याचा. काउंटरच्या १९२.१६८.१०.२१ या पत्त्यासाठी उघडलेले खाते राउटर बसवल्याच्या दिवसापासून चालेनासे होते, कारण सर्व्हरला आता २१ दिसत नाही, राउटरचा ५ दिसतो. व्हीपीएनच्या यंत्राने वाटेत पत्ता बदलला असेल, तर तोही दिसत नाही, तिसराच दिसतो. चुकीच्या ओळीत ‘ॲट’ चिन्हानंतर छापलेला पत्ता हा सर्व्हरला दिसलेला पत्ता असतो. तो वाचायचा आणि खात्याच्या नोंदीशी ताडून पाहायचा. अंदाज बांधण्याची गरज नाही. त्या पत्त्यासाठी कुठलेच खाते नसेल तर १०४५ ऐवजी ११३० येतो: या यंत्राला जोडणीचीच परवानगी नाही.

एकाच नावाच्या दोन नोंदी असतील, एक विशिष्ट पत्त्यासाठी आणि एक सर्वांसाठी, तर सर्व्हर आधी जास्त नेमकी नोंद पाहतो आणि तीच धरून बसतो. तिथे पासवर्ड जुळला नाही तर दुसरी नोंद तपासून पाहत नाही. सर्वांसाठीच्या नोंदीचा पासवर्ड नुकताच बदलला, नेमकी नोंद जुनीच राहिली, म्हणून नागपूरहून लॉगिन होते आणि कन्हानहून होत नाही, हे त्यातून घडते. जोडणी लागली तर ‘करंट यूजर’ हे फंक्शन विचारून कुठली नोंद लागू पडली ते कळते. १०४५ च्या ओळीच्या शेवटी ‘यूजिंग पासवर्ड’ पुढे ‘नो’ लिहिलेले असले, तर पासवर्ड चुकलेला नसून पाठवलाच गेलेला नाही. प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल वाचली गेली नाही किंवा रकाना रिकामा राहिला. राउटरला वगळून थेट चाचणी घ्यायची असेल, तर ती राउटर ज्या संगणकावर आहे तिथूनच घ्यावी. दुसऱ्या यंत्रावरून घेतली की पत्ता बदलतो आणि चाचणी दुसऱ्याच खात्याची होते.

एकाच पत्त्याआड सगळे असण्याचा आणखी एक परिणाम आहे. जोडणी सुरू होऊन अर्ध्यावर सोडून देण्याचे प्रकार एका पत्त्यावरून लागोपाठ ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाले, की सर्व्हर तो पत्ता अडवतो आणि ११२९ हा क्रमांक देतो. ही मर्यादा मुळात १०० असते. चुकीचे पासवर्ड यात धरले जात नाहीत. अपुरे राहिलेले हस्तांदोलन धरले जाते. देखरेखीचा एखादा प्रोग्राम दर काही सेकंदांनी पोर्ट उघडून लगेच बंद करत असेल, तर तो नकळत ही मोजणी वाढवतो आणि शेवटी राउटरचा पत्ता अडवला गेला की शाखेतले सगळे काउंटर एकदम बंद पडतात. परफॉर्मन्स स्कीमामधला होस्ट कॅशे रिकामा केला की अडवणूक सुटते, पण देखरेखीची रीत न बदलल्यास ती काही वेळाने परत येणारच. मर्यादा लाखांत नेऊन ठेवणे हा अनेक ठिकाणी रूढ झालेला तोडगा. त्याने लक्षण दबते आणि कुठला प्रोग्राम दार ठोठावून पळतो आहे ते कधीच कळत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० आला आणि ‘कॅशिंग शा-२’ ही ओळख पटवण्याची पद्धत मूळ पद्धत झाली. आधीची ‘नेटिव्ह पासवर्ड’ पद्धत २०२४ च्या ८.४ मध्ये मुळात बंद ठेवली गेली आणि त्याच वर्षीच्या ९.० मधून काढून टाकली गेली. जुन्या काउंटर-प्रोग्रामला नवी पद्धत माहीतच नसेल, तर २०५९ येतो आणि क्लायंटची आवृत्ती बदलणे हाच सरळ मार्ग. अवघड दुखणे आहे ते २०६१ चे, ‘ओळखीसाठी सुरक्षित जोडणी हवी’ असे सांगणारे, कारण ते कधी दिसते आणि कधी दिसत नाही.

कारण पद्धतीच्या नावातच आहे. एखाद्या खात्याची ओळख एकदा पूर्णपणे पटली की सर्व्हर तिचा सांकेतिक अंश स्मृतीत ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यावरून झटपट होकार देतो. या झटपट तपासणीला सांकेतिक, म्हणजे टीएलएसची, जोडणी लागत नाही. पहिल्या, पूर्ण तपासणीला मात्र टीएलएस तरी हवे किंवा सर्व्हरची सार्वजनिक किल्ली तरी. टीएलएस न वापरणारा काउंटर-प्रोग्राम त्यामुळे आठवडाभर बिनतक्रार चालू शकतो. कोणीतरी दुसऱ्या मार्गाने त्या खात्याची ओळख आधीच पटवून ठेवलेली असते. मग रात्री सर्व्हर पुन्हा सुरू होतो, स्मृती पुसली जाते आणि सकाळी सगळीकडे २०६१. क्लस्टरमध्ये तर सर्व्हर पुन्हा सुरू होण्याचीही गरज नाही. मुख्य सर्व्हर बदलला, राउटरने जोडण्या नव्या मुख्याकडे वळवल्या, की त्या नव्या सर्व्हरच्या स्मृतीत ही खाती नसतात. बिघाड निभावून नेण्यासाठी बांधलेली व्यवस्था नेमकी त्या क्षणी दार लावते. कुणी पासवर्ड बदललेला नाही, कुणी सेटिंगला हात लावलेला नाही, म्हणून दोष राउटरवर ढकलला जातो. खरा उपाय म्हणजे काउंटरपासून टीएलएस सुरू करणे.

टीएलएस राउटरमधून दोन रीतींनी जाऊ शकते. एका रीतीत राउटर सांकेतिक पाकिटे न उघडता तशीच पुढे देतो. क्लायंटला सर्व्हरचे प्रमाणपत्र दिसते. दुसरीत राउटर स्वतःचे प्रमाणपत्र दाखवून काउंटरकडची जोडणी आपल्यापाशी संपवतो आणि सर्व्हरकडे वेगळी उघडतो. क्लायंट प्रमाणपत्रावरचे नाव काटेकोर तपासत असेल, तर पहिल्या रीतीत त्याने मागितलेले नाव राउटरचे आणि हाती आलेले प्रमाणपत्र सर्व्हरचे, अशी तफावत पडते. तपासणी बंद करण्यापेक्षा राउटरचे नाव प्रमाणपत्रात घालून घ्यावे.

पासवर्ड न तपासण्याची मायएसक्यूएल राउटरची रीत प्रॉक्सीएसक्यूएलची नाही. तिथे प्रॉक्सी स्वतः तिकीट तपासते. तिच्याकडे खात्यांची स्वतंत्र यादी असते आणि पासवर्ड दोन्हीकडे, प्रॉक्सीत आणि सर्व्हरवर, जुळावा लागतो. सर्व्हरवर पासवर्ड बदलला आणि प्रॉक्सीच्या यादीत राहून गेला, तर नकार प्रॉक्सीकडूनच येतो. मजकुराच्या सुरुवातीला ‘प्रॉक्सीएसक्यूएल एरर’ असे शब्द असले की हे ओळखता येते. यादीत केलेला बदल चालू व्यवस्थेत लागू करावा लागतो आणि डिस्कवर वेगळा जतन करावा लागतो. दुसरी पायरी विसरली की पुढच्या वेळी सुरू होताना जुनी यादी परत येते. ओळख स्वतः तपासण्याच्या बाबतीत पोस्टग्रेएसक्यूएलपुढे बसणाऱ्या पीजीबाउन्सरचीही तऱ्हा हीच.

उरला तो सर्वांत फसवा प्रकार. मायएसक्यूएल राउटर वापरणाऱ्यांचे पासवर्ड सांभाळत नाही, पण क्लस्टरची नोंदवही वाचण्यासाठी त्याला स्वतःचे एक खाते लागते. ते मांडणीच्या वेळी आपोआप तयार होते आणि त्याचा पासवर्ड राउटरच्या किल्ली-फाइलमध्ये राहतो. नागपूरला कोणीतरी ‘अनोळखी’ खाती साफ करताना ते पुसले, किंवा जुन्या बॅकअपवरून क्लस्टर नव्याने उभारला, तर राउटरला नोंदवही वाचता येत नाही. त्याच्या लॉगमध्ये १०४५ उमटतो, पण काउंटरवर दिसतो २००३. मूळ दोष ओळखीचा, दिसणारे रूप नेटवर्कचे. केबल आणि व्हीपीएन तपासण्यात दिवस जाण्याआधी राउटरचा लॉग वाचला, तर राउटरची मांडणी पुन्हा केल्याने काही मिनिटांत काम होते.

या शोधात लॉग हाच साक्षीदार असतो आणि त्याची तयारी आधी करून ठेवावी लागते. मायएसक्यूएल ८.० मूळ सेटिंगवर नाकारलेल्या लॉगिनची नोंदच ठेवत नाही. लॉगचा तपशील-स्तर २ वरून ३ वर नेला की ती उमटू लागते. काउंटर, राउटर आणि सर्व्हर यांची घड्याळे जुळत नसतील, तर तीन ठिकाणच्या नोंदींतली एकच घटना ओळखता येत नाही. सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संस्थांना आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवण्यास आणि लॉग १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. सुरक्षेसाठी घातलेली ही अट दोष शोधणाऱ्यालाही तितकीच उपयोगी पडते.

चौकशीच्या ओघात केलेले तात्पुरते बदल शेवटी एकेक करून मागे घ्यावे लागतात. सर्व पत्त्यांसाठी खुले केलेले खाते, बंद केलेले टीएलएस, उघडे ठेवलेले ३३०६ पोर्ट, तिसऱ्या स्तरावर नेलेला लॉग: यांतले पहिले तीन तसेच राहिले तर शाखेतल्या ठेवीदारांच्या नोंदी राउटरला वळसा घालून कोणालाही मागता येतात. म्हणून बदल करतानाच त्याची वेळ आणि मूळ किंमत लिहून ठेवावी आणि काउंटरवरून एक नोंद लिहिली गेली, एक वाचली गेली, मुख्य सर्व्हर मुद्दाम बदलूनही दोन्ही चालल्या, एवढे पाहिल्यावर तक्रार मिटली असे धरावे.